सव्वापाच फुटांचा पलंग

पलंग सजवणं हे पोटापाण्याचं काम असू शकतं, हे तिच्या ताईला काही केल्या पटत नसे.

"म्हणजे तू दिवसभर नक्की करतेस तरी काय?"

"उशा लावते."

"आणि मग?"

"मग कुणी त्यांना हात लावत नाही ना, ते बघते."

"आणि ह्याचा पगार देतात?" ताई कपाळाला हात लावायची. "आम्ही मेलं जन्मभर फुकटच लावल्या."

ती एका बिल्डरकडे कामाला होती. इमारत उभी राहायच्या आधी गिऱ्हाइकांना दाखवायला एक घर नटवून ठेवतात ना, सॅम्पल फ्लॅट, ते सजवायचं काम तिचं. पडदे, चादरी, फुलदाण्या सगळं तिच्याकडे होतं, पण खरा हात बसलेला तो उशांवर. साइटवरचे लोक तिला उशीबाई म्हणत आणि तिला त्याचा राग येत नसे. उशी भरगच्च कशी दिसावी ते तिलाच विचारावं. खोळ अठरा इंची असेल तर आतली उशी वीस इंची घ्यायची, म्हणजे कोपरे ताठ राहतात. उशी उभी केली की डोक्यावर हाताच्या कडेनं एकच टोला द्यायचा, मधोमध छान खळी पडते. दोन टोले दिले की उशी बिचारी मार खाल्ल्यासारखी दिसते. असल्या बारीकसारीक गोष्टींत ती तासन्‌तास घालवी, आणि खरं सांगायचं तर स्वतःवर खूश असे.

त्या सॅम्पल फ्लॅटमधली झोपायची खोली होती दहा बाय नऊ. काड्यापेटीच म्हणा. विक्री बघणाऱ्या साहेबांनी त्यावर तोडगा काढला. खोली वाढवता येत नाही, पलंग कमी करता येतो. त्यांनी सव्वापाच फूट लांब आणि सव्वाचार फूट रुंद असा पलंग करून आणला. खोलीचं दारसुद्धा काढून टाकलं, कारण दार उघडलं की जागा खातं. हे सगळीकडे चालतं, त्यात त्यांनी काही नवं केलं नव्हतं. पण घोळ असा झाला, की पलंग लहान पोराचा वाटायला लागला. येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "ही मुलांची खोली का?" साहेब वैतागले आणि त्यांनी उशीबाईला बोलावलं.

ती त्या पलंगासमोर फरशीवर फतकल मारून बसली. अर्धा तास नुसती बघत राहिली. आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माणूस पलंग डोळ्यांनी मोजतो तो उशीवरून! उशी रोज डोक्याखाली असते, ती केवढी असते ते सगळ्यांना न सांगता ठाऊक असतं. मग उशीच लहान केली तर?

दोन दिवस तिनं मशीनवरून मान वर केली नाही. सत्तावीस इंची उशांच्या जागी वीस इंची शिवल्या, त्यांच्यापुढच्या चौकोनी उशा अठराच्या तेरा इंची केल्या, सर्वांत पुढे एक लांबट उशी, तीही त्याच बेतानं. चादरीची फुलंसुद्धा बारीक निवडली. सगळं रचून ती बाजूला झाली, तेव्हा साहेबांनी चक्क शीळ घातली.

"उशीबाई, तुम्ही तर खोलीच वाढवलीत!"

तेव्हा तिला त्यात पाप-बीप काही दिसलं नाही. कपड्यांच्या दुकानात पुतळ्याच्या पाठीला टाचण्या टोचून सदरा घट्ट बसवतातच की! पलंगावर कुणी बसू नये म्हणून तिनं स्वतःच्या सुंदर अक्षरात एक पाटी लिहिली आणि पायाशी ठेवून दिली. एकदा कुणी बसलं की सगळं बिंग फुटलं असतं.

आणि मग एके दिवशी ताई आली.

ताई तिच्याहून बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हापासून हिची वेणीफणी, शाळा, ताप-खोकला सगळं ताईनंच काढलं. लग्न करून गेली ती हिला बरोबर घेऊनच. भावोजींनी कधी हूं की चूं केलं नाही. ते लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचे, पंधरा-पंधरा दिवस घराबाहेर. परतताना दोन खाऊचे पुडे आणायचे, एक मोठ्या बाईसाहेबांना आणि एक धाकट्या बाईसाहेबांना. सव्वासहा फूट उंच माणूस, हसला की भांडी वाजायची. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू गेली. बोलणं अडखळत होतं, पण थट्टा करायची खोड काही गेली नाही.

त्यांचं जुनं घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट नव्हती. खोली ऐसपैस असल्यामुळे ताई त्यांना पलंगावरून चाकाच्या खुर्चीत एकटी बसवू शकायची, पण खाली उतरवायचं म्हणजे चार शेजाऱ्यांची विनवणी. दोन वर्षांत भावोजी पाच वेळा रस्त्यावर आले असतील, त्यातले चार वेळा दवाखान्यासाठी. म्हणून घर विकून लिफ्टचं घर घ्यायचं ठरलं. आणि घ्यायचं तर धाकटीच्या कंपनीतच का नको?

"हे बघ," भावोजींची खुर्ची ढकलत आलेली ताई दारातच म्हणाली, "मला एकच गोष्ट बघायचीय. ह्यांच्या उजव्या अंगाला पलंगाशी खुर्ची लागते का. उजव्या हातानं ते मला धरतात, मी वळवते, की झालं काम. तेवढं मला एकटीला जमलं पाहिजे. बाकी ओट्याला संगमरवर लावा नाहीतर शेणानं सारवा, मला घेणंदेणं नाही."

साहेबांनी मोठ्या अदबीनं खुर्ची आत नेली. खुर्ची पलंगाच्या उजवीकडे लागली, डावीकडे लागली, पायथ्याशी गर्रकन वळली. ताईनं हौसेनं आणखी एक फेरी मारली.

"इथे... ट्रकसुद्धा... वळेल," भावोजी म्हणाले.

सगळे हसले. ताईचे डोळे मात्र भरून आले होते. पदरानं डोळे टिपून ती म्हणाली, "ह्यांना जरा आडवं करून बघू का? म्हणजे खात्रीच होईल."

साहेबांनी हिच्याकडे पाहिलं.

इथे खरं सांगायला तिला फक्त तोंड उघडायचं होतं. "ताई, हा पलंग लहान आहे." पाच शब्द. भावोजींना त्यावर झोपवलं असतं, तर त्यांचे पोटऱ्यांपासून पाय बाहेर लोंबले असते आणि कुणी काही बोलायची गरजच पडली नसती. तिनं तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, "नको नको, पलंगाला हात नाही लावायचा. ती पाटी बघितलीस ना?"

"अगं, आम्ही घरचेच ना?"

"घरच्यांना तर आधी नियम!"

ताई हसली. उशांकडे वाकून, हात न लावता, बराच वेळ बघत राहिली. "हे सगळं तू केलंस? फार सुरेख केलंयस गं," ती म्हणाली.

नोकरी जाईल अशी भीती वाटली, हे कारण तिनं नंतर स्वतःला सांगायला शोधून काढलं. खरं कारण ते नव्हतंच. चाळीस वर्षांत ताईनं पहिल्यांदा तिच्या कामाला सुरेख म्हटलं होतं, आणि ते ऐकल्यावर तिच्यानं पुढे बोलवेना. एवढीच गोष्ट. लाज वाटावी इतकी क्षुल्लक.

घराची नोंदणी झाली. पंधरा दिवसांच्या आत रद्द केली तर काहीच बुडत नव्हतं, हे तिला कंपनीतली असल्यामुळे पक्कं माहीत होतं. रोज सकाळी ती ठरवायची, आज सांगायचं. रोज संध्याकाळी स्वतःशी वकिली करायची. लिफ्ट तर आहे ना? कागदावर दहा बाय नऊ छापलेलंच आहे, कुणी लपवलंय? पण आकडा वाचून कुणाला खोली दिसते हो! खोली दिसते ती डोळ्यांना, आणि डोळ्यांची सोय तिनं स्वतः दोन दिवस मशीनवर बसून केली होती.

दहाव्या दिवशी मनाचा हिय्या करून ती ताईकडे गेली. भावोजी खुर्चीत बसून शेजारणीला सांगत होते, "माझ्या... मेव्हणीनं... सजवलीय. लोक... बघत राहतात." एकेका शब्दाला त्यांना धाप लागत होती, तरी पुन्हा पहिल्यापासून सांगत होते. ताई पडद्यांचे तुकडे खिडकीला लावून बघत होती.

"काय गं, चेहरा का उतरलाय?"

"काही नाही. ऊन लागलं."

ताईनं पाणी दिलं, जेवायला वाढलं. ती जेवली आणि मूग गिळून परत आली. पंधराव्या दिवशी तिनं सकाळपासून नुसत्या खोळींना इस्त्री केली, आणि संध्याकाळी ऑफिस बंद झाल्यावरच इस्त्रीचं बटण बंद केलं. आता सांगून काय उपयोग, असं स्वतःला म्हणायची सोय झाली होती.

आठ महिन्यांनी ताबा मिळाला. सामान लावायला ती दोन दिवस राबली. डबे लावले, पडदे टांगले, पण त्या खोलीकडे फिरकली नाही. तिथे आता दार होतं, भिंतीपासून पुढे आलेलं कपाट होतं, आणि दुपारी जुन्या घरचा पलंग आला. तो सहा फूट रुंद आणि सात फूट लांब होता, भावोजींनी खास सांगून करून घेतलेला. जन्मभर ट्रकच्या केबिनमध्ये पाय दुमडून झोपलो, घरी तरी लांब होणार, असं ते म्हणायचे.

सुतारानं पलंग जोडला. एका बाजूला लावला तर कपाट उघडेना. दुसऱ्या बाजूला लावला तर दार अडलं. फिरवला तर पायथ्याशी माणूस आडवा होऊन जेमतेम जाईल एवढी फट राहिली. शेवटी एका भिंतीला खेटवला, तरी उजव्या अंगाला हातभर जागा. ताईनं खुर्ची आणली, ढकलली, तिरकी केली, पुन्हा ढकलली. चाक पलंगाच्या पायाला घासून थांबलं.

"असं कसं?" ताईनं तिला बोलावून विचारलं. "तिथे तर फिरत होती. तुझ्या देखत फिरली ना गं?"

"साइटवरून फोन येतोय," ती म्हणाली, आणि चप्पल पायात सरकवून चक्क पळाली. फोन-बिन काही वाजत नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती सॅम्पल फ्लॅटमध्ये उशा झटकत होती, तेव्हा मात्र खरंच वाजला.

"सुतार समोर बसलाय," ताई म्हणाली. "तुझ्या त्या पलंगाचं माप दे बघू. तस्साच करून घेते. माझंच चुकलं बघ, मी तेव्हा टेप न्यायला हवी होती. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. ह्यांना म्हटलं, मीच धांदरट, मी तुम्हाला अडकवलं."

हातातली उशी तिनं खाली ठेवली. सहा फूट म्हणावं का? म्हटलं तर आणखी एक पलंग येईल, तोही बसणार नाही, आणि ताई पुन्हा स्वतःलाच बोल लावील.

"लांबी सव्वापाच," ती म्हणाली. "रुंदी सव्वाचार."

"सव्वापाच फूट?" ताईनं सुताराला ऐकवत म्हटलं. पलीकडून सुताराचा आवाज आला, "बाई, हा तर लहान पोरांचा पलंग झाला. मोठा माणूस कसा मावेल त्यात?"

ताई हळू आवाजात म्हणाली, "पण उशा तर नेहमीच्याच होत्या."

"नव्हत्या. मी लहान शिवल्या."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. मलाच सुचलं."

"म्हणून तू ह्यांना झोपू दिलं नाहीस."

पलीकडे सुतार हत्यारं गोळा करत होता, ते ऐकू येत होतं. तो विचारत होता की चार फूट रुंद पलंग करून देऊ का, मग दोघांपैकी एकानं खाली झोपायचं. ताई त्याला म्हणाली, "माझे गुडघे खाली बसू देत नाहीत, आणि तीस वर्षं हा माणूस ट्रकवर झोपला, आता वेगळं झोपवू का? जा तुम्ही." मग फोनवर म्हणाली, "संध्याकाळी ये."

रस्ताभर तिनं काय काय बोलायचं ते घोकलं. माफी मागायची, नोकरी सोडते म्हणायचं, भावोजींसमोर सगळं कबूल करायचं. ताई स्वयंपाकघरात कपड्यांच्या घड्या करत उभी होती. तिला बघताच हिचा बांध फुटला.

"रड, पण हळू," ताई म्हणाली. "आत ऐकू जाईल."

"मी भावोजींना सांगते. आत्ता सांगते. ते मला काय हवं ते बोलू देत."

"काही सांगायचं नाहीस."

"ताई, तू माझं पाप तुझ्या अंगावर घेतेस. त्यांना वाटतंय तुझं माप चुकलं."

"वाटू दे. माझं काय जातंय? माझ्या मापांना ते लग्न झाल्यापासून हसतात." ताईनं टॉवेलची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "ह्यांना आता चालता येत नाही, धड बोलता येत नाही. आल्यागेल्याला सांगायला एक गोष्ट उरलीय, की माझ्या मेव्हणीनं खोली अशी सजवली की लोक बघत राहतात. तेवढं सांगताना माणूस अजून पहिल्यासारखा दिसतो. तुला हलकं वाटावं म्हणून मी ते त्यांच्याकडून काढून घेऊ?"

ताईनं मार दिला असता तर तिनं आनंदानं खाल्ला असता.

"मी शिव्या देणार नाही तुला," ताई म्हणाली. "माझ्यात तेवढं बळ नाही, आणि जे आहे ते मला दुसरीकडे लागतं. खुर्ची दारापर्यंतच येते. पलंगापासून दारापर्यंत त्यांना उचलून न्यायला दोन माणसं लागतात. सकाळी सात आणि संध्याकाळी सात. उद्यापासून यायचं. ताप आला, पाऊस आला, साहेब आला, मला सांगायचं नाही."

ती येऊ लागली. पहिल्या आठवड्यात तिची कंबर धरली, दुसऱ्या आठवड्यात हात शिकले. ताई खांद्यांखालून धरायची, ती गुडघ्यांखालून. सव्वासहा फुटांचं शरीर किती जड असतं ते दुरून बघून कळत नाही, आणि निम्मं शरीर स्वतःला सावरत नसलं म्हणजे तर नाहीच नाही. सहा पावलं जायचं, पण मध्ये एकदा थांबावंच लागे. दिवसा ती कामावर जायची. तिनं तिथल्या पलंगाच्या पायथ्याची पाटी उचलून कपाटात टाकली, साहेबांनी ती पुन्हा ठेवली, तिनं पुन्हा टाकली. नेहमीच्या मापाच्या उशा लावून बघितल्या, तर साहेबांनी दम भरला की पुन्हा असं केलं तर घरी बसा. घरी बसायचा अर्ज ती रोज मनात लिहायची. पण तिनं तो द्यायची गोष्ट काढली, तेव्हा ताई म्हणाली, "आणि खाशील काय? ह्यांना उचलायला अंगात ताकद लागते."

ताईनं पुन्हा त्या गोष्टीचा उल्लेख केला नाही. सकाळी चहा द्यायची, संध्याकाळी जेवून जा म्हणायची, पूर्वीसारखीच. फक्त तिच्या कामाची थट्टा करणं ताईनं सोडून दिलं, आणि त्या थट्टेसाठी ही किती आसुसली आहे, हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

एका सकाळी ती वेळेवर आली तेव्हा ताई न्हाणीघरात गरम पाणी काढत होती. भावोजी जागे होते. तिनं त्यांच्या पायांवरचं पांघरूण काढलं, पायजमा नीट केला आणि ताईची वाट बघत उभी राहिली. भावोजींनी उजव्या हातानं तिला जवळ बोलावलं.

"तुला... रोज... यावं लागतं," ते म्हणाले.

"त्यात काय भावोजी. जवळच तर राहते."

त्यांनी मान हलवली. त्यांना आणखी काही सांगायचं होतं, आणि ते ताईनं ऐकू नये असं वाटत होतं, म्हणून आधी दाराकडे बघून घेतलं.

"तिच्यावर... रागावू नकोस," ते म्हणाले. "माप... चुकलं तिचं. मनाला... फार लावून घेतलंय. झोपेत... रडते. तू... माफ कर तिला. तू म्हटलंस तर... ऐकेल."

खरं तोंडापर्यंत आलं होतं, आणि तिनं मान वर केली तर दारात टॉवेल घेऊन ताई उभी होती. केव्हापासून उभी होती कोण जाणे. ताई नुसती तिच्याकडे बघत राहिली. भावोजी उत्तरासाठी थांबले होते, त्यांचा चांगला हात तिच्या मनगटावर तसाच होता.

"नाही रागावले, भावोजी," ती म्हणाली. "केलं माफ."

त्यांचा चेहरा सैल झाला. ताईनं टॉवेल खांद्यावर टाकला, आत येऊन त्यांच्या काखांखाली हात घातले आणि म्हणाली, "चल, उचल."